स्टारक्रॉस ते डॉलिश: गाव आणि समुद्र यांच्या मधून गेलेली रेल्वे

रूळकरी
इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हनमध्ये एक्झ नदी समुद्राला मिळते. तिच्या पश्चिम काठावर स्टारक्रॉस नावाचं छोटं गाव आहे, एक्झेटरपासून रेल्वेने साधारण १४ किमी. गावातला मुख्य रस्ता, त्याला चिकटून रेल्वे, आणि रेल्वेला चिकटून खाडी. फलाटाच्या पलीकडे थेट पाणी. पुढे ३-४ किमीवर डॉलिश वॉरेनचा वाळूचा दांडा, मग डॉलिश, मग बोगदे, मग टाइनमथ. एक्झेटर ते टाइनमथ एकूण २४ किमीच्या आसपास.

कोकण रेल्वे नावाला किनाऱ्याची, समुद्र दिसतो क्वचितच. इथे उलट आहे. इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरने डोंगर टाळण्यासाठी रूळ अक्षरशः भरतीच्या रेषेवर टाकले. ३० मे १८४६ रोजी एक्झेटर ते टाइनमथ मार्ग उघडला, तेव्हापासून इथल्या गावांचं सगळं तंत्र या एका पट्टीवर अवलंबून आहे: होड्या कुठून जाणार, बंदरात कधी शिरता येणार, पावसाचं पाणी कुठून उतरणार.

पर्यटनाची वर्णनं भरपूर सापडतात. इथे फक्त कशाचं काय काम होतं, काय बिघडत होतं आणि का, एवढंच लिहू या. ज्यांना जे भाग ठाऊक आहेत त्यांनी भर घालावी.

मंद्रसप्तक
स्टारक्रॉस स्टेशनाशेजारी लाल दगडाचा इटालियन चर्चसारखा मनोरा दिसतो. तो कसला? देऊळ म्हणावं तर घंटा नाही.

रूळकरी
तो धुराडा आहे! खाली जी इमारत दिसते ते पंपघर. धुराड्याला इटालियन घंटाघराचं रूप देणं ही ब्रुनेलची हौस. मूळचा तो आणखी उंच होता, वरचा भाग नंतर उतरवला.

ब्रुनेलने या मार्गावर इंजिनाशिवाय गाड्या चालवल्या होत्या. त्याला वातावरणीय रेल्वे म्हणत, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी. रचना अशी:

दोन रुळांच्या मधोमध १५ इंच व्यासाचा बिडाचा नळ. नळाच्या माथ्यावर संपूर्ण लांबीभर फट. फटीवर चामड्याची पट्टी, एका कडेने नळाला पक्की आवळलेली, दुसरी कडा मोकळी, म्हणजे दाराच्या झडपेसारखी. चामड्याला वरून-खालून लोखंडी पट्ट्या रिव्हेट केलेल्या, नाहीतर ते आतल्या निर्वाताने नळात ओढलं जाईल. मोकळी कडा जिथे टेकते तिथे मेण-चरबीसारखं मिश्रण भरायचं, हवा आत शिरू नये म्हणून.

गाडीच्या पहिल्या डब्याखाली दट्ट्या, तो नळाच्या आत. दट्ट्या आणि डबा जोडणारी लोखंडी पाटी फटीतून वर येते. पाटीच्या पुढची छोटी चाकं झडप उचलतात, मागचं चाक ती दाबून बसवतं. साधारण दर ३ मैलांवर, म्हणजे ५ किमीच्या जरा आत, एक पंपघर. पुढचं पंपघर नळातली हवा ओढतं, मागून बाहेरची हवा दट्ट्याला ढकलते, गाडी निघते.

पंपघरं एक्झेटर, काउंटेस वेअर, टर्फ, स्टारक्रॉस, डॉलिश, टाइनमथ अशी ओळीने होती आणि पुढे न्यूटन गावापर्यंत. आज धड उभी असलेली मोजकीच, त्यांत स्टारक्रॉसचं सर्वांत देखणं. पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. मधल्या काळात तिथे मेथडिस्ट प्रार्थनाघर भरत असे, आता होडीवाल्यांचा क्लब आहे. म्हणजे तुमचं देऊळ अगदीच चुकलं नाही.

फुकटचंबू
आणि शेवटी उंदरांनी चरबी माखलेलं चामडं खाल्लं आणि रेल्वे बुडाली. हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. :)

सांधेवाला
सगळ्यांना माहीत आहे आणि बहुधा खोटं आहे. त्या काळच्या अहवालांत उंदरांना दोष दिलेला सापडत नाही. गोष्ट चविष्ट आहे म्हणून टिकली. चामडं का गेलं याची खरी कारणं कंटाळवाणी आहेत, पण तीच महत्त्वाची.

एक, ऊन. कोरड्या हवेत चामडं सुकून ताठर झालं. ताठर चामडं फटीवर सपाट बसत नाही, कडेने हवा शिरते. उचलताना-दाबताना वाक येतो तिथे भेगा पडून ते फाटतं. दर गाडीमागे त्याच जागी वाक, दिवसातून अनेकदा.

दोन, थंडी. गारठ्यात मिश्रण घट्ट होतं, चिकटत नाही. मूळ पेटंटमध्ये गाडीच्या मागे एक तापलेला तुकडा लावून मिश्रण वितळवत जायची कल्पना होती. कागदावर ठीक, धावत्या गाडीखाली नाही.

तीन, पाणी आणि लोखंड. कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. ओलं लोखंड गंजलं की गंज आणि टॅनिन यांची क्रिया होते. शाई करायची जुनी पद्धत हीच. त्यात चामड्याचा पोतच जातो. इथे तर रिव्हेट केलेल्या लोखंडी पट्ट्या चामड्याला कायम चिकटून, आणि वर समुद्राचे शिंतोडे.

आणि हे कुठे घडतंय? जवळपास ५ किमी लांबीच्या एकाच वायसरवर. घरातल्या नळाचं वायसर गळलं तर ठिपका पडतो, इथे कुठेही एक वीत गळलं की पंपघरात कोळसा जास्त जळतो.

अंकगणिती
नळाची ओढ किती होती ते सोप्या आकड्यांत मांडतो.

१५ इंच म्हणजे ३८.१ सेमी व्यास, क्षेत्रफळ सुमारे १,१४० चौ. सेमी. नळात पाऱ्याचे १६ इंच निर्वात धरला तर दाबातला फरक दर चौ. सेमीला ०.५५ किलो. गुणाकार केला की ६३० किलोची ओढ.

सपाटीवर त्या काळच्या डब्यांना दर टनामागे ४-५ किलो ओढ लागते असं धरू. ३० टनांच्या गाडीला १५० किलो. म्हणजे सपाटीवर लागते त्याच्या चौपट ओढ हाताशी. हलक्या गाड्यांनी ताशी ६० मैलांपलीकडे वेग गाठल्याच्या नोंदी आहेत, त्या पटण्यासारख्या आहेत.

आता १:४० चढ घ्या. दर टनामागे आणखी २५ किलो. ३० टनांना ७५० अधिक १५०, म्हणजे ९०० किलो. १५ इंची नळ तिथे हरला. म्हणून डोंगरी भागासाठी २२ इंची नळ ठरवला होता. त्याचं क्षेत्रफळ २,४५० चौ. सेमी, ओढ साडेतेराशे किलोच्या घरात. पण हवेच्या दाबावरच्या गाड्या त्या भागात पोचल्याच नाहीत.

सांधेवाला
बरोबर, आणि खरी थट्टा इथेच आहे. ही पद्धत निवडली होती न्यूटनपलीकडच्या डेंटन, रॅटरीसारख्या चढांसाठी. इंजिनाचं वजन ओढावं लागणार नाही, मग चढ तीव्र ठेवला तरी चालेल, असा हिशेब. प्रत्यक्षात ती चालली फक्त किनाऱ्याच्या सपाट पट्टीत, जिथे साध्या वाफेच्या इंजिनालाही काही अडचण नव्हती. चढ मात्र तसेच राहिले. आजही प्लिमथकडे जाणाऱ्या गाड्या त्या चढांवर दम खातात.

दुसरा उरलेला वारसा: सुरुवातीला मार्ग एकेरी बांधला. त्यामुळे डॉलिश-टाइनमथमधले बोगदेही एकेरी रुळाचे. ते रुंद करून पूर्ण दुहेरी मार्ग व्हायला १९०५ उजाडलं.

मंद्रसप्तक
कोळसा जास्त जळायचं कारण फक्त गळती?

सांधेवाला
नाही, तारायंत्र नसणं हेही तितकंच मोठं कारण. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली की नाही हे पुढच्या पंपघराला कळायचं कसं? कळत नव्हतं. मग वेळापत्रकातल्या वेळेवर पंप चालू करायचे. गाडी २० मिनिटं उशिरा असली तर पंप २० मिनिटं रिकाम्या नळातून हवा ओढत बसणार, चामड्याच्या फटीतून तितकीच हवा परत आत शिरणार. इंजिनं आखणीपेक्षा जास्त वेळ, जास्त जोराने चालली आणि त्यामुळे मोडलीही. तारायंत्र बसलं तोवर खेळ आटपत आला होता.

आणखी दोन अडचणी कमी बोलल्या जातात. नळ रुळांच्या मध्ये असल्याने सांधे टाकता येत नाहीत. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर न्यायची तर नळ तोडावा लागतो. स्टेशनात डबे हलवायला दोर, घोडे, माणसं. आणि रस्ता ओलांडतो तिथे फाटकात गाडीवाटेच्या मधोमध हा नळ आडवा.

प्रवासी गाड्या हवेवर सुरू झाल्या १३ सप्टेंबर १८४७ रोजी, बंद झाल्या सप्टेंबर १८४८ मध्ये. पुरतं वर्षसुद्धा नाही.

फुकटचंबू
उंदीर निर्दोष. मान्य.

खाडीकाठ
नळाचं बरंच झालं, आता गाव. रेल्वेचा भराव पडला तेव्हा खाडी आणि काठ यांची फारकत झाली. भरावात मोऱ्या आणि पूल ठेवले तेवढ्याच वाटा. सर्वांत बोलकं उदाहरण कॉकवुडचं, स्टारक्रॉसच्या दक्षिणेला लागूनच. छोटं बंदर, तीन बाजूंनी घरं, चौथ्या बाजूला रेल्वेचा बांध. होड्यांना ये-जा करायला बांधातल्या पुलाखालून एकच वाट.

त्याचे परिणाम असे. डोलकाठी उभी ठेवून आत येता येत नाही, ती आडवी करावी लागते. भरती पुरेशी चढल्याशिवाय तळाला पाणी नाही, आणि फार चढली तर पुलाखाली डोकं घालायला जागा नाही. म्हणजे भरतीच्या आगेमागे ठरावीक वेळच हाताशी असतो. ओहोटीला सगळं बंदर चिखल, होड्या बुडावर बसलेल्या. म्हणून तिथे सपाट बुडाच्या किंवा बुडाखाली दोन कणे असलेल्या होड्या सोयीच्या. एका कण्याची होडी ओहोटीला कलंडते आणि पुढची भरती चढताना सरळ व्हायच्या आधी पाणी आत घेऊ शकते.

भरावामागची जमीन खाजणासारखी सखल. पावसाचं पाणी झडपेच्या मोरीतून खाडीत जातं. ओहोटीला झडप आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. झडपेत फांदी किंवा शेवाळाचा गठ्ठा अडकला की ती पूर्ण मिटत नाही आणि खारं पाणी आत येतं. आपल्याकडच्या खारबंदिस्तीची उघाडी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. काम तेच, बिघाडही तेच.

स्टेशनालगतच्या धक्क्यावरून पलीकडच्या एक्झमथला तर, म्हणजे फेरीबोट, सुटते. फक्त पायी प्रवाशांसाठी, फक्त उन्हाळी हंगामात. नैऋत्य किनारपट्टीची पायवाटही याच तरीने खाडी ओलांडते. हंगाम नसेल तर एक्झेटरला वळसा घालून दुसऱ्या काठाच्या गाडीने एक्झमथ गाठायचं.

कळसूत्री
जुन्या सिग्नल केबिनचं काम कसं चाले? घंट्यांचे संकेत वगैरे.

सांधेवाला
घंटा म्हणजे शेजारच्या केबिनशी बोलायची भाषा. ब्रिटिश पद्धत अशी. आधी एक ठोका: लक्ष आहे का? उत्तरात एक ठोका. मग गाडीचा प्रकार. ४ ठोके म्हणजे जलद प्रवासी गाडी, ३ आणि थांबून १ म्हणजे सगळीकडे थांबणारी. पुढच्याने तेच ठोके परत वाजवले आणि यंत्राचा काटा 'मार्ग मोकळा' वर नेला की गाडी सोडायची. गाडी खंडात, म्हणजे दोन केबिनमधल्या मार्गाच्या तुकड्यात, शिरली की २ ठोके. पुढच्या केबिनसमोरून पूर्ण गेली की मागच्याला २ आणि थांबून १.

'पूर्ण गेली' हे ठरवायचं शेवटच्या डब्याच्या दिव्यावरून. दिवा दिसला नाही तर डबे मागे सुटलेले असू शकतात. मग पुढच्या केबिनला ९ ठोके, मागच्याला ४ आणि थांबून ५, आणि खंड मोकळा झाल्याची घंटा द्यायचीच नाही. ६ सलग ठोके म्हणजे अडथळा, सगळं थांबवा. भिंत फुटली, दरड आली, तर हेच.

किनाऱ्यावर वेगळा त्रास तारांचा. बाहूचा सिग्नल केबिनपासून कित्येकशे मीटर तारेने ओढला जातो. उन्हात तार लांबते, मग तरफ पूर्ण ओढूनही बाहू अर्धवट उठतो. थंडीत आखडते, मग तरफ परत टाकूनही बाहू नीट पडत नाही. केबिनमधल्या चाकाने ताण रोज जुळवायचा. वर खाऱ्या हवेने कप्प्या गंजून जड होतात. त्यांना तेल नसेल तर कितीही ताण द्या, मधेच अडकणार.

डॉलिशची केबिन फलाटावरच होती, समुद्राकडे पाठ करून. १९८६ मध्ये रंगीत दिव्यांचे सिग्नल आले आणि ती बंद झाली, २०१३ मध्ये पाडली.

अंकगणिती
गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदलाबद्दलही लिहा ना. ब्रुनेलचा गेज ७ फूट पाव इंच म्हणजे २,१४० मिमी. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी, त्याहूनही हा जवळपास अर्धा मीटर रुंद.

सांधेवाला
२० ते २३ मे १८९२, एका शनिवार-रविवारला धरून. ४,००० हून जास्त कामगार. एक्झेटरच्या पश्चिमेचा उरलेला सगळा रुंद मार्ग एका दमात १,४३५ मिमीवर आणला, त्यात ही किनारपट्टीही आली.

जमलं कसं? ब्रुनेलचे रूळ आडव्या स्लीपरांवर नव्हते. रुळाखाली त्याच दिशेने लांब लाकडी तुळई, आणि दोन तुळयांमध्ये ठरावीक अंतरावर आडवे वासे. म्हणून एकच तुळई, रुळासकट, ७०५ मिमी आत सरकवायची होती.

आधीच्या आठवड्यांत खडी उकरून वासे मोकळे केले, बोल्टांना तेल दिलं, गंजलेले बदलले, कापायच्या खुणा आखल्या. काही वासे आधीच कापून ठेवता आले, पण सगळे नाही, नाहीतर धावत्या गाडीखाली गेज सुटेल. शेवटच्या दिवशी उरलेले वासे कापायचे, पहारींनी तुळई सरकवायची, मापपट्टीने गेज तपासायचा, बोल्ट आवळायचे, खडी परत ठासायची. वळणावर अडचण अशी की एक बाजू आत आली की तिची लांबी बदलते, तिथे रुळाचे तुकडे कापून बसवावे लागतात. सांध्यांच्या जागी सर्वांत जास्त वेळ गेला. कामावर असताना कामगारांना पिण्यासाठी ओटचं पीठ घातलेलं पाणी ठेवलं होतं. पेज म्हणा हवं तर.

रुंद गेजचे सगळे डबे आणि इंजिनं आधी बाहेर काढणं हेही कामच होतं. मागे राहिलेला एकही डबा पुन्हा हलवता आला नसता.

भिंतीतली पाल
समुद्राच्या भिंतीबद्दल लिहितो, कारण धाग्याचा खरा गाभा तोच आहे असं मला वाटतं. नळ एक वर्ष चालला. भिंत पावणेदोनशे वर्षं सांभाळावी लागते आहे.

लोक लाटेची उंची बघतात, भिंत पडते पायाकडून. क्रम साधारण असा असतो. वादळात किनाऱ्यावरची वाळू ओढली जाते, वाळूची पातळी खाली जाते. भिंतीचा पाया, जो एरवी वाळूखाली असतो, उघडा पडतो. दगडी बांधकामाच्या सांध्यांतला चुना लाटेच्या माऱ्याने निघतो. लाट सांध्यात शिरते तेव्हा दाब देते आणि परतताना ओढते. त्या ओढीबरोबर भिंतीमागचा भराव थोडा थोडा बाहेर येतो. बाहेरून भिंत जशीच्या तशी, आत पोकळी. मग एका रात्री वरून पाणी कोसळतं, पोकळीवरची खडी खचते, आधार गेलेली भिंत बाहेर किंवा आत झुकते आणि पुढच्या दोन-तीन तासांत भगदाड.

म्हणून देखभालीत तीन कामं. ओहोटीला पाया तपासायचा, उघडा असेल तर काँक्रीटचा पदर घालायचा. सांधे भरायचे. आणि भिंतीवर ठोकून किंवा भोक पाडून पोकळी शोधायची, सापडली की पातळ सिमेंट दाबाने भरायचं. मात्र मागचं पाणी निघायला ठेवलेली भोकं बुजवायची नाहीत. ती बुजली की पावसाचं आणि उडून आलेलं पाणी भिंतीमागे साठतं आणि भिंत आतून ढकलली जाते. उत्साहाने सगळंच लिंपून टाकणं ही नेहमीची चूक.

४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री डॉलिशला हेच मोठ्या प्रमाणावर झालं. ८० मीटरच्या आसपास भिंत गेली, रूळ स्लीपरांसकट हवेत लोंबकळत राहिले. दुरुस्तीत पहिलं काम भिंत बांधणं नव्हतं, लाट थांबवणं होतं. जहाजी कंटेनर ओळीने ठेवून दगडमातीने भरले आणि तात्पुरता बांध केला. उघड्या पडलेल्या मातीवर काँक्रीट फवारलं, नाहीतर मागची घरं गेली असती. मग भराव, मग रूळ. मध्येच १४ फेब्रुवारीच्या वादळाने पुन्हा तोडफोड केली. त्याच सुमारास टाइनमथच्या बाजूला कड्याचा सुमारे २०,००० टनांचा भाग सुटू लागला, तो पाण्याच्या मोठ्या फवाऱ्यांनी मुद्दाम खाली आणावा लागला. ४ एप्रिलला गाड्या सुरू झाल्या.

मंद्रसप्तक
म्हणजे याच मार्गाने जोडलेल्या पलीकडच्या कॉर्नवॉलला दोन महिने रेल्वेच नाही? दुसरा मार्ग का नव्हता?

रूळकरी
होता. डार्टमूर पठाराच्या उत्तरेने ओकहॅम्प्टन, टॅव्हिस्टॉकवरून प्लिमथला जाणारा. त्यातला मधला भाग १९६८ मध्ये बंद केला. टाइन खोऱ्यातून एक्झेटरला जाणारी शाखाही वळसा म्हणून कामी येत असे, तिच्या प्रवासी गाड्या १९५८ मध्ये गेल्या. त्याआधी १९३० च्या दशकात डॉलिश टाळून आतून नवा मार्ग काढायला संसदेची मंजुरीही मिळाली होती, महायुद्ध आलं आणि ते राहिलं. २०२१ मध्ये ओकहॅम्प्टनपर्यंत प्रवासी गाड्या परत सुरू झाल्या, पण पुढचा दुवा तुटलेलाच आहे.

भिंतीतली पाल
आणि म्हणून पैसा भिंतीत. डॉलिशला नवी भिंत दोन टप्प्यांत झाली, पहिला २०२० मध्ये, दुसरा २०२३ मध्ये. जुनीपेक्षा २.५ मीटर उंच, समोरून आधीच ओतलेले काँक्रीटचे फलक, वरची कड समुद्राकडे वळलेली. ही वळलेली कडच महत्त्वाची. सरळ भिंतीवर लाट आपटली की पाणी उभं वर जातं आणि वारा ते रुळांवर आणून टाकतो. वळलेली कड ते परत समुद्राकडे फेकते. पार्सन बोगद्याच्या तोंडाशी दरडींपासून बचावासाठी १०९ मीटरचं छतही बांधलंय. बोगदाच लांबवल्यासारखा.

तिथला कडा लाल आहे, वालुकाश्म आणि गोटे मिसळलेला खडक. दिसतो भक्कम, पण थरांमध्ये पाणी मुरलं की ढिला होतो. त्यामुळे एका बाजूने समुद्र आणि दुसऱ्या बाजूने कडा, मध्ये दोन रूळ.

कळसूत्री
वादळात काही गाड्या एक्झेटरलाच थांबवतात आणि काही जातात, असं का?

अंकगणिती
व्हॉयेजर प्रकारच्या गाड्यांमुळे. प्रत्येक डब्याखाली डिझेल इंजिन, चाकांना विजेच्या मोटरी. ब्रेक लावताना मोटरी वीज बनवतात आणि ती छपरावरच्या रोधकांत उष्णता म्हणून जाळली जाते. लाट छपरावर कोसळली की खारं पाणी रोधकांत शिरतं. खारं पाणी वीजवाहक, गळती होते, संरक्षण यंत्रणा सगळं बंद करते आणि गाडी लाटांच्या माऱ्यात उभी. नंतर बदल केले गेले, तरी समुद्र खवळला की त्या गाड्या पुढे न नेण्याची खबरदारी अजून घेतात. जुन्या पद्धतीच्या डिझेल गाड्यांच्या छपरावर असं काही नसल्याने त्या भिजतात आणि जातात.

सांधेवाला
जोडून: प्लिमथकडे जाणारा रूळ समुद्राच्या बाजूचा, परतीचा आतल्या बाजूचा. डॉलिश वॉरेन ते टाइनमथ आतला रूळ दोन्ही दिशांना वापरता येईल असे सिग्नल आहेत. उधाणात बाहेरचा रूळ बंद करून सगळं आतल्यावरून आळीपाळीने चालवतात. गाड्या उशिरा, पण चालू.

फुकटचंबू
जायचं तर कधी जावं? लाटा बघायच्या आहेत, जीव द्यायचा नाही.

खाडीकाठ
लाट उडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: उधाणाची भरती, पूर्व-आग्नेयेचा वारा आणि कमी हवादाब. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेमी चढतं. म्हणजे १०१३ वरून ९७० वर आला तर नुसत्या दाबामुळे ४० सेमीच्या वर. भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला वारा असूनही फार काही होत नाही.

या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारण सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी तशीच येते. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस सर्वांत मोठी. भरती-ओहोटीतला फरक तेव्हा ४ मीटरच्या आसपास. त्याच दिवशी दुपारी १ च्या सुमारास पूर्ण ओहोटी, तेव्हा स्टारक्रॉसला चिखल आणि पाणपक्षी. म्हणजे पक्षी दुपारी, लाटा संध्याकाळी. तक्ता बघताना उन्हाळी वेळेचा एक तास मिळवलाय का ते तपासा, बरेच तक्ते ग्रीनिच वेळेत असतात.

भिंतीवरून चालायची वाट डॉलिश वॉरेनहून डॉलिशपर्यंत सोपी आहे. टाइनमथच्या बाजूला होलकमजवळ ती रेल्वेखालून जाते, तिथे भरतीला पाणी भरतं. लाल झेंडा किंवा बंद फाटक असेल तर ओलांडू नका, लाटेबरोबर गोटेही येतात.

एक्झेटरहून गाडीत बसताना डावीकडची खिडकी. सगळ्या गाड्या स्टारक्रॉसला थांबत नाहीत. राहायचं असेल तर डॉलिश वॉरेनला जुन्या डब्यांतली राहण्याची सोय आहे, रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संघटनेची.

मंद्रसप्तक
आणि तो नळ? काहीच उरलं नाही?

रूळकरी
बहुतेक भंगारात आणि गटारांसाठी गेला. चामड्याशिवायचा एक तुकडा डिडकॉटच्या रेल्वे संग्रहालयात रुळांमध्ये मांडून ठेवलाय. वरची फट तिथे नीट दिसते, बोट घालून बघता येईल एवढी. स्टारक्रॉसच्या पबला मात्र 'ॲटमॉस्फेरिक रेल्वे'चं नाव मिळालं.